कर्त्या बाई आणि सातबारा

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, ती समाजशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवली जाते. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, देवधर्म एकत्र करणारी आणि नात्याने परस्परांशी बांधलेली माणसे म्हणजे एकत्र कुटुंब, असा तिचा आशय आहे. वाई, कऱ्हाड, राजापूर यांसारख्या तालुक्याच्या गावांतील जुन्या घरांना ही व्याख्या लावून पाहिली, तर चूल आणि देव्हारा घरातल्या थोरल्या बाईच्या ताब्यात असल्याचे दिसते. मात्र सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा मालक कोण आणि कसणारा कोण हे सांगणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, तिचे नाव सहसा सापडत नाही. दीर्घायुषी आजींवरच्या स्मृतिलेखांत त्यांच्या मायेचे आणि कष्टांचे गोडवे भरपूर असतात, पण त्यांचा अधिकार नेमका कशाच्या बळावर उभा होता आणि तो कशाने ओसरला, याची चौकशी क्वचितच केलेली आढळते.

हा अधिकार मुख्यतः धान्याचा होता. जिथे जमीन कुळाकडे असे, तिथे कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, खंड बऱ्याचदा धान्याच्या रूपातच घालत असे, आणि ते एकदा कोठीत पडले की त्यावर पुरुषांचा हुकूम फारसा चालत नसे. कोठीच्या किल्ल्या थोरल्या बाईच्या कनवटीला असत. कोणते भात जुने करायचे, कोणते आधी काढायचे, बियाण्याला किती ठेवायचे, माहेरवाशिणीला जाताना काय बांधून द्यायचे आणि दारी आलेल्या बलुतेदाराच्या सुपात किती घालायचे, हे सारे तिच्या मनात पक्के असे. हिशेब मापांचा होता: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शाळेचे तोंडही न पाहिलेली बाई या मापांत पंधरा-वीस माणसांचे वर्ष बसवत असे, शिवाय चातुर्मासातले उपास, श्राद्धपक्ष आणि न सांगता येणारे पाहुणे त्यात आधीच धरलेले असत. उन्हाळ्यातले वाळवण हाही याच कारभाराचा भाग होता. पापड, कुरडया, सांडगे आणि तिखट-मसाला पावसाळ्यापूर्वी डब्यांत गेले नाहीत, तर श्रावणात पंचाईत ठरलेली, म्हणून आळीतल्या बायकांचे हात कोणत्या दिवशी कोणत्या घरी लावायचे, याची ठरवाठरव ती चैत्रातच करीत असे. पुढे तिच्याविषयी लिहिताना या नियोजनाला हौस म्हटले गेले, हा तिच्यावर झालेला अन्यायच म्हणावा लागेल.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातील जमीनदार घरांपुरते बोलायचे, तर या कारभाराला धक्का बसल्याची तारीख जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८चा. त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले जाऊ लागले. दशमान नाणी चलनात आली तीही नेमकी त्याच दिवशी, आणि पुढल्या काही वर्षांत शेर-पायलीची जागा किलो-लिटरने घेतली. कुळाच्या दृष्टीने हा न्याय होता आणि तो उशिरानेच मिळाला, याबद्दल वाद असू नये. पण खंड बंद झालेल्या घरात बाजारातून धान्य आणायचे तर रोख पैसा लागतो, रोख पैसा म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाचा पगार, आणि पगार किल्लीने उघडत नाही. म्हणूनच साठीतली कर्ती बाई पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारी झाली, ती केवळ वयामुळे नव्हे.

याच कायद्यात एक तरतूद अशी होती, की जमिनीची मालकीण विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क काही काळ लांबणीवर पडावा. आयुष्यभर ज्या कागदावर तिचे नाव लावण्याची कुणाला निकड वाटली नाही, तो कागद आता घरच्या पुरुषांना महत्त्वाचा वाटण्याचे हे एक कारण होते. विधवेच्या हक्काचा कायदेशीर इतिहासही असाच तोकडा आहे. १९३७च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्श्यात मर्यादित हक्क दिला, म्हणजे उपभोग तिचा पण विकण्याची मोकळीक नाही. पूर्ण मालकी मिळायला १९५६चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, तोही कायदा लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या पिढीतल्या बहुतेक कर्त्या बाया हयात नव्हत्या.

मालकीविना मिळालेली सत्ता सौम्य असतेच असे नाही, आणि इथे स्मृतिलेखांनी फार हात आखडता घेतला आहे. सासूची सत्ता सुनेवर चाले, कारण दुसऱ्या कुणावर ती चालवण्याची सोयच नव्हती. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात, जिथे कोठीही नव्हती आणि कुळही नव्हते अशा महार वस्तीतली सासुरवाशीण दिसते. पळून जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई, हेही त्यात आहे. फलटणला किराणा मालाचे दुकान चालवणाऱ्या या लेखिकेने आपले लेखन नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. दुष्काळ, रोगराई आणि उपासमार यांतून घर तगवणाऱ्या म्हाताऱ्या त्या वस्तीतही होत्या, परंतु त्यांच्यावर गौरवग्रंथ निघाले नाहीत.

ज्यांची आयुष्ये कागदावर राहिली, त्यांच्या बाबतीतही ते बरेचसे योगायोगाने घडले. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या, ऐन तिशीत विधवा झाल्या आणि शेत, घर, जाते सांभाळता सांभाळता ओव्या रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता म्हणून त्या उतरून घेतल्या गेल्या, आणि १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतरच, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापल्या गेल्या. देवरुखच्या गोदूबाई जोशी (१८६५–१९५०) लग्नाने नातू झाल्या आणि लहानपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात त्या शिकल्या, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या आणि घरीदारी ‘बाया’ म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहानंतर कर्व्यांच्या मुरुड गावाने कुटुंबाला वाळीत टाकले. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४४चे, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावरचे, आणि पुनर्विवाहित विधवेला सासरच्या गावात काय सोसावे लागले, हे आत्मगौरवाचा सूर न लावता सांगणारे असे दुसरे मराठी पुस्तक चटकन आठवत नाही. व्याख्याकार इरावतीबाई या बायांच्याच धाकट्या पिढीतल्या सूनबाई.

लिहिणारा मुलगा नाही आणि स्वतःला लिहिता येत नाही, अशा बाईचे आयुष्य शोधायचे तर साधने वेगळी घ्यावी लागतात. जन्मतारीख बहुधा नसते. त्याऐवजी ‘प्लेगच्या साली’, ‘मानमोडीच्या तापात’ म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, ‘गांधीवधानंतर वाडा जळला तेव्हा’ अशा खुणा मिळतात, आणि त्या जुळवून वय काढता येते. सहस्रचंद्रदर्शन, म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्याचा साधारण ८१व्या वर्षीचा विधी, बऱ्याच घरांत अशाच अंदाजाने उरकला गेला आहे. कुलवृत्तांतांचा, म्हणजे एका आडनावाच्या घराण्यांच्या छापील वंशावळींचा, उपयोग मात्र बेताचाच होतो, कारण जुन्या वृत्तांतांत पुरुषांच्या पिढ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि बायकोच्या वाट्याला माहेरचे आडनाव व मुलांची संख्या एवढाच मजकूर येतो. त्यापेक्षा आहेराच्या वह्या अधिक बोलक्या आहेत. कोणाच्या लग्नात कोणी किती रुपये, कोणते लुगडे आणि कोणते भांडे दिले, याची ही नोंद परतफेडीसाठी ठेवली जाई; अक्षर शाळकरी नातवाचे असले, तरी काय लिहायचे ते आजी सांगत असे. अशा दोन-तीन पिढ्यांच्या वह्या सलग वाचल्या, तर कोणते नाते कोणत्या साली तुटले, कोणत्या लग्नात कर्ज झाले आणि कोणत्या लेकीला मुद्दाम जास्त दिले गेले, हे कुलवृत्तांताच्या पानांपेक्षा लवकर कळते. तालुक्याच्या गावांतले वाडे पाडून इमारती उभ्या राहत असताना माळ्यावरच्या या वह्या रद्दीत चालल्या आहेत, आणि दफ्तरखान्यांना त्या जतन करण्याजोग्या अजून वाटलेल्या नाहीत.