मनाचे चढउतार आणि बालपणचे घाव

पन्हाळगडावर जाणारा प्रवासी सज्जाकोठी पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. आणि तेथें उभा राहिला म्हणजे त्यास संभाजीमहाराजांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मोंगलांच्या छावणींतून १६७९ च्या अखेरीस ते परत आले ते याच गडावर, आणि १६८० च्या आरंभीं पितापुत्रांची भेट झाली तीहि येथेंच. या भेटीचा ऊहापोह पुष्कळांनीं केला आहे. परंतु ज्यांच्या घरांत मुलें वाढत आहेत त्यांनीं या राजपुत्राच्या चरित्रांतील एक निराळीच गोष्ट ध्यानांत घ्यावी. मातोश्री सईबाई वारल्या तेव्हां त्यांस तिसरें वर्ष चालू होतें. नवव्या वर्षीं आग्र्याचा प्रसंग ओढवला, आणि त्यानंतर कांहीं काळ आईबापांवांचून मथुरेस परक्या घरीं राहावें लागलें. आजचे मानसशास्त्रज्ञ ज्यास बालपणचा आघात म्हणतात त्यांतच या गोष्टी मोडतात. तरीहि हा मुलगा पुढें संस्कृतांत ‘बुधभूषण’ रचण्याइतका बुद्धिमान् निघाला. याचें श्रेय एकट्या कोणास देतां येणार नाहीं. पण आजी जिजाबाईंची छाया आणि कापूरहोळच्या धाराऊची माया यांचा त्यांत वांटा असला पाहिजे, हें कोणीहि कबूल करील.

ज्या राज्याची पन्हाळा ही एके काळीं राजधानी होती, त्या कोल्हापूरच्या गादीवर पुढें दोन शतकांनीं आलेल्या एका मुलाची हकीकत याच्या अगदीं उलट आहे. राजाराम महाराज विलायतेहून परततांना १८७० च्या नोव्हेंबरांत इटलींतील फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांस पुत्र नव्हता. तेव्हां १८७१ सालीं भोसल्यांच्या सावर्डेकर घराण्यांतील नारायणराव नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन चौथे शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसविण्यांत आलें. जन्मघर सुटलें, आईनें ठेवलेलें नांवहि गेलें. हा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर आला तोंच त्याचें मन बिघडल्याचें सरकारनें ठरविलें. १८८२ मध्यें कागलचे आबासाहेब घाटगे यांस रीजंट नेमण्यांत आलें, आणि महाराजांस अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत गोऱ्या शिपायाच्या देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें. तेथेंच २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस!

महाराजांच्या हालांविषयीं ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं केवढी ओरड केली होती, हें आपल्या परिचयाचें आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारीं जीं पत्रें छापलीं गेलीं तीं बनावट ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. त्याच काळांत आगरकरांनीं शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें. एका राजाच्या वेडापायीं तुरुंगांत पडलेल्या माणसानें वेडाचें सोंग घेणाऱ्या राजपुत्राचें नाटक मराठींत आणावें, हा योगायोग विलक्षणच होय. राजा खरोखर वेडा आहे कीं त्यास वेडा ठरविलें आहे, हा त्या काळचा वाद होता. महाराजांच्या विकारास आज दुरून नांव ठेवणें उचित होणार नाहीं. परंतु आजचें वैद्यकशास्त्र असल्या हकीकती ऐकून एक निराळाच प्रश्न विचारूं लागलें आहे: ज्याचें मन तारुण्यांत डळमळलें, त्याच्या बालपणीं काय घडलें होतें? आणि त्या घडण्याचा त्याच्या बुद्धीवर काय परिणाम झाला?

हा प्रश्न ज्या रोगाविषयीं विशेषेंकरून विचारला जात आहे त्यास आज द्विध्रुवी विकार म्हणतात. १८९९ मध्यें जर्मन पंडित क्रेपेलिन यानें त्याचें स्वतंत्र रूप निश्चित केलें. यांत रोगी कांहीं दिवस किंवा आठवडे उन्मादांत असतो. झोंप नकोशी होते, बोलण्यास खळ राहत नाहीं, पैसा पाण्यासारखा जातो, आपणांस अशक्य असें कांहींच वाटत नाहीं. मग केव्हां तरी पारडें फिरतें व तोच मनुष्य विषादांत बुडतो. अंथरूण सोडवत नाहीं, जगणें नकोसें होतें. मधल्या काळांत तो चारचौघांसारखा दिसतो. बहुधा पंधरा ते पंचवीस या वयांत, म्हणजे शिक्षणाच्या व लग्नकार्याच्या ऐन दिवसांत, हा रोग प्रथम डोकें वर काढतो. आपल्या चरकाचार्यांनीं उन्मादाचें लक्षण सांगतांना मनाबरोबरच बुद्धि, स्मृति, शील व आचार यांच्या भ्रंशाचाहि उल्लेख केला आहे. रोग मनाचा असला तरी बुद्धि व स्मृति त्यांतून सुटत नाहींत, ही जाणीव आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आतां बालपणाविषयीं. २०१६ सालीं ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकांत एकोणीस अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या मानानें या विकाराच्या रोग्यांत बालपणीं आघात सोसल्याचें प्रमाण अडीचपटींहून अधिक आढळलें. मार, उपेक्षा, लैंगिक अत्याचार अशा नाना प्रकारच्या आघातांत सर्वांत निकटचा संबंध दिसला तो मानसिक छळाचा. तो चौपटीच्या घरांत होता. मानसिक छळ म्हणजे कांहीं अद्भुत प्रकार नव्हे. सतत टोंचून बोलणें, चारचौघांत पाणउतारा करणें, ‘तूं जन्मलाच नसतास तर बरें’ असें ऐकविणें, हाच तो छळ. ज्यांनीं लहानपणीं असे घाव सोसले त्यांच्यांत रोग लवकर सुरू होतो, त्याचे झटके वारंवार येतात व आत्महत्येचा प्रयत्नहि अधिक घडतो, असेंहि इतर संशोधनांत आढळून आलें आहे.

बुद्धीचें काय? रोगाचा झटका ओसरल्यावरहि पुष्कळ रोग्यांचें अवधान, ऐकलेलें स्मरणांत ठेवण्याची शक्ति आणि कामाची आंखणी करण्याची शक्ति थोडीबहुत उणी राहते, हें आतां निश्चित झालें आहे. नॉर्वेसारख्या देशांतील संशोधकांना असें दिसलें कीं, बालपणीं आघात झालेल्या रोग्यांत ही उणीव अधिक असते. याचें कारण शरीरांतच आहे. भय वाटलें कीं कॉर्टिसोल नांवाचा रस रक्तांत वाढतो. प्रसंग क्षणिक असेल तर तो उपकारक ठरतो. परंतु लहान मूल रोजच धास्तींत वाढत असेल तर त्या रसाचा मारा वाढत्या मेंदूवर चालूच राहतो, आणि स्मृतीशीं निगडित असलेला मेंदूचा भाग तो विशेष सोसतो.

येथें एक इशारा देणें अगत्याचें आहे. या रोगांत आनुवंशिकतेचा वांटा सर्वांत मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साठ टक्क्यांहून अधिक मानतात. बालपणचें दुःख हें अनेक कारणांपैकीं एक होय. शिवाय आघाताची माहिती रोग्यानें प्रौढपणीं आठवून सांगितलेली असते, हेंहि विसरतां कामा नये. म्हणून घरांत असा रोगी निघाला कीं ‘आईनेंच याला बिघडविलें’ असें म्हणून एका बाईस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी करणें हें शास्त्रास धरून नाहीं आणि माणुसकीसहि धरून नाहीं. उलट, आघात झालेलीं बहुतेक मुलें या रोगांत सांपडत नाहींत.

मग आपल्या एकत्र कुटुंबानें यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट मुलांची. चार भावांचीं मुलें एका छपराखालीं वाढतात, तेथें परीक्षेचा निकाल लागला कीं तुलना सुरू होते. एकाची पाठ थोपटतांना दुसऱ्यास ‘घराण्याचें नांव बुडविणारा’ ठरविणें आपल्याला शिस्तीचा भाग वाटतो. त्या मुलास मात्र तो वर्षानुवर्षांचा घाव होऊन बसतो. पण याच कुटुंबापाशीं घावावरचें औषधहि आहे. आईबाप चिडले तर जवळ घेणारी आजी, सांगितलेलें पोटांत ठेवणारी काकू, फिरावयास नेणारे आजोबा हीं माणसें एका भिंतीच्या अंतरावर असतात. आपल्यावर भरंवसा ठेवणारें एक तरी वडील माणूस मुलास लाभलें तर आघाताचा जोर पुष्कळ कमी होतो, असें आजचें शास्त्रहि मानतें.

दुसरी गोष्ट आजाऱ्याची. झटका ओसरून घरीं आलेला मुलगा सांगितलेलें काम विसरतो, पुस्तक उघडून तासभर तेंच पान पाहत बसतो. त्यास आळशी म्हणूं नये. मोडलेला पाय जुळल्यावरहि माणूस कांहीं दिवस लंगडतो, तसेंच हें आहे. कामें लिहून द्यावीं, एका वेळीं एकच सांगावें, वेळ द्यावा. झोंपेस फार जपावें. लग्नघरची धांवपळ किंवा व्रताचें जागरण, एवढ्यानेंहि उन्माद उसळूं शकतो.

औषधांपैकीं लिथियमचा गुण १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं प्रथम प्रसिद्ध केला, आणि आजहि हें औषध आघाडीवर आहे. तें घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी नियमानें व्हावी लागते, मूत्रपिंड व गलग्रंथि यांकडेहि लक्ष ठेवावें लागतें. आमच्या घरांत विशेष सांगण्यासारखें हें कीं, शरीरांतील पाणी किंवा मीठ घटलें तर लिथियमचें रक्तांतील प्रमाण वाढून तें विषारी होऊं शकतें. म्हणून निर्जळी एकादशी किंवा अळणी व्रत अशा रोग्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये. देव त्यासाठीं रुसणार नाहीं. तसेंच बरें वाटलें म्हणून आपल्याच मनानें औषध बंद करणें हें पुढच्या झटक्यास आमंत्रण देणें होय.

तिसरी गोष्ट लपविण्याची. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५–१६ मध्यें केलेल्या राष्ट्रीय पाहणींत या विकाराच्या शंभरांतील सुमारें सत्तर रोगी उपचारावांचून राहिल्याचें आढळलें. डॉक्टर व दवाखाने यांची वाण हें त्याचें एक कारण. पण मुलीचें लग्न अडेल, सोयरे काय म्हणतील, या भीतीनें रोग्यास माडीवरच्या खोलींत ठेवणारीं घरें हेंहि दुसरें कारण आहेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णास साखळदंडानें बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे व सन्मानानें वागविलें जाण्याचा हक्क त्यास दिला आहे. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आत्महत्येची भाषा ऐकूं आली तर मुहूर्त पाहत न बसतां त्याच दिवशीं तज्ज्ञांकडे जावें.

चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळीं लिथियम नव्हतें व असा कायदाहि नव्हता. एका आजारी तरुणाच्या उशाशीं आप्ताऐवजीं शिपाई बसला, आणि त्याचा शेवट काय झाला तें आपण पाहिलें. आज औषध आहे, कायदा आहे. उशाशीं कोणीं बसावयाचें, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर सरकारास किंवा शास्त्रास देतां येत नाहीं, तें घरानेंच द्यावयाचें असतें.