खेळ आणि शिक्षण

अमेरिकेतील मोठ्या शहरांत कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांमधून बास्केटबॉलची मैदाने जागोजाग दिसतात. तेथे खेळणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात एकच स्वप्न असते : आपण नामांकित व्यावसायिक खेळाडू व्हावे आणि घरचे दारिद्र्य कायमचे दूर करावे.

हे स्वप्न उगीच उपजलेले नाही. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तरी पुढे कित्येक दशके चांगल्या शाळांची व मानाच्या नोकऱ्यांची दारे या समाजास बहुधा बंदच होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हे बेसबॉलच्या एका प्रमुख संघातून खेळू लागले आणि क्रीडाक्षेत्राचे दार हळूहळू उघडले. आपल्यातील कोणी ज्या वाटेने वर चढले, त्याच वाटेकडे मुलांचे डोळे लागावेत, हे स्वाभाविक होय.

परंतु ही वाट फार अरुंद आहे. महाविद्यालयीन संघातून फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर तरुणांपैकी दोघेसुद्धा देशातील प्रमुख व्यावसायिक संघांत पोहोचत नाहीत. जे पोहोचतात, त्यांचीही कारकीर्द बहुधा अल्पकाळाची असते. गुडघा दुखावला, की मैदान सुटते; आयुष्य मात्र पुढे उभेच असते.

ॲलन पेज यांनी हे वेळीच ओळखले. ओहायो राज्यातील कॅन्टन या गावचे हे फुटबॉलपटू १९७१ साली व्यावसायिक संघटनेचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. एवढी कीर्ती मिळूनही त्यांनी खेळत असतानाच कायद्याचा अभ्यास केला व १९७८ साली पदवी संपादन केली. १९९३ साली ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले आणि २०१५ पर्यंत त्या पदावर होते.

मात्र सारा भार मुलांच्याच माथी टाकणे अन्यायाचे होईल. महाविद्यालयांना सामन्यांतून अमाप पैसा मिळे. पण संघाला विजय मिळवून देणारे अनेक खेळाडू पदवीवाचूनच बाहेर पडत. म्हणून १९८६ पासून खेळाडूंसाठी किमान गुणांची अट घालण्यात आली. पुढे, ही अट न पुरी करणाऱ्यांस शिष्यवृत्तीही मिळू नये, असा नियम ठरला. तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे कृष्णवर्णीय मार्गदर्शक जॉन थॉम्प्सन १९८९ साली सामन्याच्या प्रारंभीच निषेधार्थ मैदान सोडून गेले. ज्या मुलांना चांगली शाळाच लाभली नाही, त्यांचे पुढील शिक्षणही या नियमाने हिरावले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर तो नियम सौम्य करण्यात आला.

याच थॉम्प्सन यांनी आपल्या कार्यालयात हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवला होता. चेंडूतील हवा आज ना उद्या जाणारच; तेव्हा तुमच्यापाशी काय उरेल, हे खेळाडूंनी ध्यानात ठेवावे, हा त्यामागील हेतू. खेळाचा ध्यास अवश्य धरावा. परंतु हात रिकामे झाल्यावरही जी सोबत करते, ती विद्याही त्याच वयात जोडावी. आणि ती जोडण्याची संधी प्रत्येक मुलास मिळवून देणे, हे समाजाचे कर्तव्य आहे.