आकाश बघायला कोणतं घड्याळ?

डिसेंबरची अमावास्या, वांगणीच्या आसपासचं एखादं माळरान, रात्रीचे साडेअकरा. अर्ध्या तासात डोळे अंधाराला सरावलेत आणि मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनीही धूसर ठिपक्यासारखा जाणवू लागलाय. एवढ्यात कुणीतरी विचारतं, "वाजले किती?" तिघेजण खिशातून मोबाईल काढतात. पांढरा उजेड तोंडावर पडतो आणि तेजोमेघ दिसेनासा होतो, त्या तिघांना आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही.

आकाशनिरीक्षणाला जाणाऱ्या नव्या मंडळींकडून एक प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो: या छंदासाठी चांगलं घड्याळ कोणतं घ्यावं? दुकानदार, जाहिराती आणि मित्र यांच्याकडून त्यांनी आधीच बरंच काही ऐकलेलं असतं आणि त्यातलं अर्धं चुकीचं असतं. माझ्या मते घड्याळाला दोनच प्रश्न विचारायचे. अंधारात डोळे न बिघडवता ते वाचता येतं का? आणि ते किती चुकतं हे आपल्याला ठाऊक आहे का? पहिला प्रश्न पटकन पटतो. दुसरा पटायला वेळ लागतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

"मोबाईल असताना घड्याळ कशाला?"

डोळ्यातल्या दंडपेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते विघटित होतं आणि अंधारात पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाईलच्या पडद्याकडे दोन सेकंद बघितलं तरी त्यातला बराच वेळ वाया जातो. पडदा लाल करायची सोय असते, पण ऐनवेळी एखादा संदेश येतो आणि पडदा पांढरा होऊन उजळतो. स्मार्ट घड्याळांचंही तसंच. हात उचलला की उजळण्याची सवय आधी बंद करावी लागते. अॅपल वॉच अल्ट्रासारख्या काही घड्याळांत तबकडी पूर्ण लाल करता येते, ते खरंच कामाचं आहे. मात्र लाल उजेड कितीही चालतो हाही गैरसमजच. दंडपेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही हे खरं, पण झगझगीत लाल उजेडाने नजर बिघडतेच.

मोबाईल वेळ लावण्यासाठी उत्तम. वेळ बघण्यासाठी मनगट बरं.

"जितकं महाग, तितकं अचूक"

या गैरसमजापायी लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सेइकोने अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि अचूकतेचा प्रश्न तिथेच बदलला. क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. दोनाला दोनाने गुणत पंधराव्या पायरीला हीच संख्या येते, त्यामुळे साध्या विद्युत मंडलाला ती निम्मी-निम्मी करत सेकंदाचा एक ठोका काढता येतो. सेलवर चालणारं अगदी साधं घड्याळही महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत-बाहेर राहतं, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. याउलट स्वित्झर्लंडमध्ये चाचणी होऊन 'क्रोनोमीटर' ठरलेल्या चावीच्या घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे पडण्याची किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. लाखभर रुपये मोजले तरी ते भौतिकशास्त्र बदलत नाही. ते पैसे कारागिरीचे असतात, आणि कारागिरीवर प्रेम असणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझंही आहे. आजोबांचं एचएमटी मी अजून रोज सकाळी चावी देऊन टेबलावर ठेवतो. पण निरीक्षणाला जाताना ते घरीच राहतं.

महाग आणि अचूक अशी दोन्ही असलेली घड्याळं आहेत. ग्रँड सेइकोची 9एफ यंत्रणा वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहते. 2019 मध्ये सिटिझनने वर्षाला एका सेकंदाच्या आत राहणारं 0100 आणलं. ती घेतलीत तर आनंदच आहे, पण छंदासाठी त्यांची गरज नाही.

कारण घड्याळ चुकतं हा त्याचा दोष नाही. चूक रोज वेगळी असेल तर तो दोष. जुन्या काळी जहाजावरचे नाविक आपला क्रोनोमीटर समुद्रात असताना पुन्हा पुन्हा लावत नसत. तो रोज किती सेकंद पुढे जातो किंवा मागे पडतो, तो त्याचा दर ते वहीत लिहून ठेवत आणि हिशेबात तेवढे सेकंद वजा करत किंवा मिळवत. आपल्यालाही हेच करता येतं. रविवारी रात्री लावलेलं घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं हे ठाऊक असेल, तर गुरुवारी रात्री ते 1.6 सेकंद पुढे आहे हे न बघताही सांगता येतं. असं साधं घड्याळ अनोळखी महागड्या घड्याळापेक्षा निरीक्षकाला जास्त उपयोगी पडतं.

थंडीबद्दलही विचारलं जातं. क्वार्ट्झचा स्फटिक साधारण 25 अंश सेल्सिअसला ठरलेल्या वेगाने चालतो. त्यापेक्षा थंडी असो वा उष्णता, तो किंचित मंदावतो. पाच अंशांत उघड्यावर ठेवलं तर घड्याळ दिवसाकाठी सेकंदभर मागे पडेल. मनगटावर मात्र अंगाची ऊब असते, त्यामुळे ते बाहीखाली घातलेलं बरं.

दुकानात एक चाचणी जरूर करावी. बाजूची चावी ओढल्यावर सेकंद काटा थांबतो का? थांबत नसेल, तर ते घड्याळ सेकंदापर्यंत लावताच येणार नाही. सेकंद काटा बारावर असताना मिनिट काटा नेमका मिनिटाच्या खुणेवर येतो का, हेही बघावं. तो दोन खुणांच्या मध्ये येत असेल, तर अंधारात एका मिनिटाचा घोळ ठरलेला.

"रेडियमचं घड्याळ घ्या, अंधारात दिसतं"

आपल्याकडे रात्री चमकणारं सगळंच 'रेडियम' असतं, रिक्षामागच्या नंबरपट्टीपासून देवघरातल्या गणपतीपर्यंत. खरं रेडियम घड्याळांतून जाऊन अर्धशतक होऊन गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तबकड्यांवर सर्रास रंगवलं जाई. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यांत मुली ओठांनी कुंचल्याचं टोक करून हे काम करत, आणि त्यांतल्या अनेकींचे जबडे आणि हाडं कुजली. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचं आहे. म्हणून जुन्या बाजारात मिळालेलं, आता न चमकणारं घड्याळसुद्धा किरणोत्सारी असू शकतं. त्यातला चमकणारा रंग मेलेला असतो, रेडियम नाही. असं घड्याळ घरी उघडू नये.

आज दोन पर्याय आहेत. पहिला, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा रंग. 1990च्या दशकापासून बहुतेक घड्याळांत तोच असतो. तो उजेड साठवतो आणि हळूहळू सोडतो. लोक टॉर्च मारून तो 'चार्ज' करतात आणि तिथेच चुकतात, कारण पहिली काही मिनिटं तो डोळ्यांना खुपेल इतका उजळ होतो. दिवसभर उन्हात-उजेडात घातलेलं घड्याळ रात्री पुरेसं मंद दिसतं. त्याचा हिरवट-निळसर प्रकाश दंडपेशींना सर्वाधिक जाणवणाऱ्या रंगाच्या जवळचा असल्यामुळे पहाटे चार वाजताही तो वाचता येतो. दुसरा पर्याय ट्रिटियमच्या काचेच्या नळ्यांचा. त्या सतत, मंद, रात्रभर सारख्याच उजळतात, त्यांना उजेड द्यावा लागत नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षांचं, म्हणजे बारा वर्षांनी चमक निम्मी होते. निव्वळ निरीक्षणासाठी घड्याळ घ्यायचं असेल, तर मी ट्रिटियमकडे झुकेन. काळी तबकडी, रुंद पांढरे काटे, आणि बारावर वेगळी खूण हवी, म्हणजे अंधारात घड्याळ उलटं धरलं गेलं तरी कळतं.

"हे अणुघड्याळाशी आपोआप जुळतं"

परदेशातून भाऊ-बहिणींनी आणलेल्या घड्याळांबद्दल हे खूप ऐकू येतं. ही घड्याळं दीर्घलहरी रेडिओ संकेत पकडतात. ते संकेत अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स, जर्मनीतल्या माइनफ्लिंगेन, इंग्लंडमधल्या अँथॉर्न, जपानमधल्या दोन आणि चीनमधल्या एका केंद्रातून निघतात. भारतात असं केंद्र नाही, आणि महाराष्ट्र या सगळ्यांच्या भरवशाच्या टप्प्याबाहेर आहे. त्यामुळे तेच घड्याळ शिकागोत किंवा फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी सोन्यासारखं आणि पुण्यात केवळ एक चांगलं क्वार्ट्झ घड्याळ. मोबाईलशी ब्लूटूथने जुळणारी घड्याळं इथे व्यवस्थित चालतात. जीपीएसवर चालणारीही चालतात. फक्त एक लक्षात ठेवावं: उपग्रहांची स्वतःची वेळ 2017 पासून जागतिक वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे, आणि ती दुरुस्ती उपग्रहाकडून यायला कधी कधी साडेबारा मिनिटं लागतात.

"खगोल म्हटलं की सेकंदाचाही हिशेब लागतो"

कधी लागतो, बहुतेकदा नाही. उल्कावर्षावाच्या नोंदीत मिनिट पुरतं. गुरूचे चंद्र त्याच्या सावलीत जाताना एकदम विझत नाहीत, मंदावत जातात, त्यामुळे तिथेही मिनिटाने भागतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांइतकं सरकतं. त्याची वाट बघताना दहा सेकंदांची चूक खपते. तेच स्थानक सूर्यबिंबावरून जाताना टिपायचं असेल, तर तो सगळा खेळ साधारण एका सेकंदात संपतो.

खरी कसोटी पिधानाची. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे तेजस्वी तारे चंद्राच्या वाटेवर आहेत आणि अधूनमधून त्याच्या अंधाऱ्या कडेमागे जातात. तारा मंदावत नाही, दिवा मालवल्यासारखा क्षणात नाहीसा होतो. हा क्षण पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दचकतो. तिथे सेकंद काटा हवाच. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली जमिनीवरून सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने धावते. त्या नोंदीसाठी मनगटी घड्याळ, कितीही चांगलं असलं तरी, पुरत नाही. जीपीएसची वेळ छापणारा व्हिडिओ लागतो. हे काम घड्याळाकडून मागू नये.

चंद्रकला, चौथा काटा आणि '30 मीटर'

तबकडीवरचा चंद्र सुंदर दिसतो. तो बहुधा 59 दातांच्या चाकावर फिरतो, म्हणजे एका चांद्रमासाला 29.5 दिवस धरतो. खरा चांद्रमास 29.53 दिवसांचा असल्यामुळे अडीच-पावणेतीन वर्षांत तो एक दिवस चुकतो. चंद्र कधी उगवेल हे तर तो सांगतच नाही. भिंतीवरचं कालनिर्णय या बाबतीत वरचढ आहे.

दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा चौथा काटा घेताना आपण एक गोष्ट विसरतो. निरीक्षणाची नोंद जागतिक वेळेत करायची असते आणि आपला फरक साडेपाच तासांचा आहे. हा काटा एकेका तासाने सरकतो आणि मिनिट काटा दोन्ही वेळांना एकच असतो, त्यामुळे अर्धा तास मनातच वजा करावा लागतो. अंकी घड्याळातली दुसरी वेळ हा अर्धा तास बरोबर सांभाळते. तारखेचाही घोटाळा होतो. मिथुन राशीतल्या उल्का बघताना 15 डिसेंबरच्या पहाटेचे तीन म्हणजे जागतिक वेळेने 14 तारखेचे रात्रीचे साडेनऊ.

'30 मीटर' याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालतं, एवढाच. सह्याद्रीतल्या दवाला ते पुरतं, पण किमान 50 घेतलेलं बरं.

"घड्याळाने दक्षिण सापडते"

तास काटा सूर्याकडे धरायचा, काटा आणि बारा यांच्यामधल्या कोनाचा मध्य काढला की दक्षिण. ही युक्ती शाळेच्या शिबिरात शिकवतात, आणि दुर्बिणीची बैठक उत्तरेकडे लावायला लोक दुपारीच ती वापरून ठेवतात. युक्ती उत्तर युरोपातली आहे. तिथे सूर्य दिवसभर क्षितिजाजवळून फिरतो, म्हणून ती बरीचशी खरी ठरते. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ वर चढतो आणि माध्यान्हीच्या आसपास झपाट्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. 21 मार्चच्या सुमारास मुंबईत सकाळी पावणेअकराला दक्षिण सूर्याच्या साठ अंश उजवीकडे असते. घड्याळ सांगतं अठरा-एकोणीस अंश. चाळीस अंशांहून मोठी चूक! मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि ही युक्ती साफ उलटी दिशा दाखवते.

या चुकीत आपल्या प्रमाणवेळेचाही वाटा आहे. आपली वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. मुंबई तिच्यापासून इतकी पश्चिमेला आहे की सूर्य इथे सरासरी 12 वाजून 39 मिनिटांनी माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.22, फेब्रुवारीच्या मध्यात 12.53. नागपूरला हे सगळं मुंबईच्या सुमारे 25 मिनिटं आधी घडतं. 1906 मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने आपली 39 मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकवली. रात्री उत्तर हवी असेल तर ध्रुवतारा आहेच, पुण्याहून साधारण साडेअठरा अंश उंचीवर.

आता घड्याळाचा दर. दर रविवारी रात्री एका ठरलेल्या वेळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी आपलं घड्याळ ताडून बघा. भारतीय प्रमाणवेळ तिथेच सांभाळली जाते, आणि ती वेळ इंटरनेटवर मिळते. फरक सेकंदात लिहा, घड्याळाला हात लावू नका. चार रविवार झाले की दर कळतो. मग पिधानाच्या रात्री वहीत अशी नोंद होते: "तारा दिसेनासा झाला, 7 वाजून 41 मिनिटं 12 सेकंद, घड्याळ 2 सेकंद पुढे, खरी वेळ 7.41.10."