खांदेदुखी: कारणे आणि निगा

हिंगणघाटकडे कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी, डोक्यावर गाठोडे चढवताना हात अर्ध्यावरच अडतो, अशी तक्रार परवा मजपाशी केली. तेव्हा फिजिओथेरपीचा व्यवसाय करणाऱ्या मला या दुखण्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

खांद्याची खोबण उथळ असल्यामुळे हात चहूदिशांना फिरतो खरा, परंतु त्या सांध्याचे स्थैर्य मुख्यतः भोवतालच्या ४ स्नायूंवर व त्यांच्या कंडरांवर अवलंबून असते. वारंवार हात उचलण्याच्या श्रमाने कंडरांना इजा झाली, म्हणजे हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान विशेष वेदना होते. मात्र दुसऱ्याने आधार दिल्यास तो बहुधा वर जातो.

याउलट सांध्याचे आवरणच आखडले, तर दुसऱ्याकडूनही हात उचलला जात नाही. हा ‘फ्रोझन शोल्डर’ बहुधा ४० ते ६० या वयात आणि मधुमेहींत अधिक आढळतो, म्हणून रक्तशर्करेची तपासणी अगत्याची. या दुखण्याची मुदत कित्येकदा १ ते ३ वर्षांची असते.

अशा दुखण्यात हात गळ्यात बांधून ठेवू नये. पुढे वाकून तो लोलकासारखा हलकेच झुलवावा, सोसेल तितकी बोटे भिंतीवर वर सरकवावीत आणि ओझे लहान करावे.

खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम वा धाप असल्यास हृदयविकाराची शक्यता गृहीत धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. पडल्यावर हात उचलेनासा झाला, किंवा ताप येऊन सांधा सुजला, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात वा नजीकच्या अस्थितज्ज्ञांकडे जाण्यात हयगय करू नये.

आपल्या शंका अवश्य विचाराव्यात. यथामती उत्तर देईन.