वाळक्या काटक्या वेचल्या, तर चोरी कशी? मार्क्स आणि आदिवासींचा जंगलहक्क एकत्र का वाचतात?

साल १८४२. जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांतात गरीब माणसं जंगलात पडलेल्या काटक्या वेचून चूल पेटवायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं. मग प्रांताच्या विधिमंडळात चर्चा सुरू झाली, की ही चोरी ठरवायची. त्यावर एका २४ वर्षांच्या पत्रकाराने सडकून टीका करणारे लेख लिहिले. त्याचं नाव कार्ल मार्क्स. अर्थकारणाकडे आपण वळलो त्याची सुरुवात इथून झाली, असं पुढे त्यानेच सांगितलं.

सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला जंगलाच्या रखवालदाराने अडवणं, हे आपल्याकडच्या पाड्यांवर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे 'भांडवल' (१८६७) या ग्रंथात मार्क्सने मांडलं, की आधी सामाईक जमिनी हिसकावल्या गेल्या, म्हणून लोक मजूर झाले. आदिवासी अभ्यासकांची हरकत नेमकी इथे आहे. कॅनडातल्या डेने समाजाचे ग्लेन कूल्थार्ड 'रेड स्किन, व्हाइट मास्क्स' (२०१४) या पुस्तकात म्हणतात, की हे हिसकावणं एकदा घडून संपलेलं नाही, ते चालूच आहे. आणि आदिवासींसाठी जमीन ही नुसती मालमत्ता नसते, ते नातं असतं.

अमेरिकेतले लाकोटा नेते रसेल मीन्स तर १९८० च्या एका भाषणात मार्क्सवाद्यांवरच बरसले होते. भांडवलदार काय आणि मार्क्सवादी काय, दोघांनाही पृथ्वी म्हणजे कच्चा माल, असा त्यांचा रोख. त्यात तथ्य होतंच. सोव्हिएत सरकारने कापसासाठी नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटत गेला. तिथे तर कुणी शेठ नव्हता!

महाराष्ट्रात हे दोन धागे कधीचेच गुंतलेत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना किसान सभेच्या लाल झेंड्याखाली संघटित केलं. मागणी होती, वेठबिगारी बंद करा, नीट मजुरी द्या. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचाच मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आला. त्यातल्या आदिवासींची मुख्य मागणी होती, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसतोय ती जमीन आमच्या नावावर करा. म्हणजे तेव्हा समोर जमीनदार होता, आता सरकार.

पण नावावर म्हणजे कुणाच्या? एकेकट्या कुटुंबाच्या की गावाच्या? कायद्यात दोन्हीची सोय आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गंमत म्हणजे हे गाव लाल झेंड्याचं नाही. इथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि पुढे गावाने विनोबांच्या ग्रामदानाची वाट धरली. बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, तो पूर्वी वनखातं द्यायचं. २०११ मध्ये त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.