आधी दरपत्रक मागा

शिकागोजवळ माझी आत्या वारली तेव्हा तिचा मुलगा बोलण्याच्या स्थितीत नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ‘फ्युनरल होम’ला फोन मी केला आणि आधी दर विचारले. मयताच्या घरी पैशांची भाषा आपल्याला अभद्र वाटते. आमच्या नगरला तर चर्चच्या मंडळीतले लोकच धावून येतात, शवपेटी ओळखीचा सुतार करतो. अमेरिकेत मात्र या संकोचावर एक अख्खा धंदा पोसला गेला. जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ साली ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या पुस्तकात त्यावर झोड उठवली. पुढे १९८४ मध्ये या धंद्याला वेसण घालणारा फेडरल ट्रेड कमिशनचा ‘फ्युनरल रूल’ लागू झाला.

तिकडे नातलग असलेल्या प्रत्येकाने हा नियम समजून घ्यावा. फोनवर विचारले तर दर सांगावेच लागतात. समोर गेलात की सेवावार दरांचे छापील पत्रक द्यावे लागते, ते घरी नेता येते. मूळ सेवाशुल्क सुटत नाही. बाकीचे हवे तेवढेच घ्यावे. शवपेट्या दाखवण्याआधी त्यांची किंमतयादी दाखवणेही बंधनकारक आहे. आम्हाला परवडणारी पेटी त्या यादीत होती, दालनात मांडलेलीच नव्हती! रबरी पट्टीने घट्ट बंद होणारी महागडी पेटी आग्रहाने दाखवली गेली. अशा पेटीत देह कायमचा टिकतो, असे सांगायला नियमाने बंदी आहे. आणि तो टिकावा तरी कशाला? मातीला द्यायचा म्हणूनच तर आपण पुरतो. पेटी बाहेरून आणली तरी फ्युनरल होमला ती नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसेही लावता येत नाहीत.

देहात रसायने भरण्याची, म्हणजे एम्बाल्मिंगची पद्धत अमेरिकेत यादवी युद्धात रुजली. दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवायचे होते. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह रेल्वेने शहरोशहरी दर्शनासाठी नेला, तेव्हा ती सर्वतोमुखी झाली. आज ती सर्रास सुचवतात, पण कायद्याची सक्ती सहसा नसते. लवकर दफन करायचे असेल तर शीतगृह पुरते. आम्ही स्पष्ट नकार दिला.

दफनभूमीचा हिशेब निराळा. केवळ जागा विकणाऱ्या दफनभूमीला ‘फ्युनरल रूल’ लागूच नाही. जागा, कबर खोदणे-बुजवणे, आणि जमीन खचू नये म्हणून पेटीभोवतीचा काँक्रीटचा व्हॉल्ट, असे सगळे वेगवेगळे आकारतात. व्हॉल्ट ही बहुधा कायद्याची नव्हे, दफनभूमीची अट असते. म्हणून तिथलेही दर लेखी घ्या, आणि शनिवारी दफन करायचे असल्यास जादा आकार आहे का, तेही विचारा.