केबिनबाहेर पडलेली महापालिका

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. उधना-लिंबायतकडच्या खानदेशी कामगारांनी तापी लाइनवरची मिळेल ती गाडी पकडून नंदुरबार, अमळनेर, जळगाव गाठलं. मागे उरली तुंबलेली गटारं, पुराचा गाळ आणि कचऱ्याचे ढीग. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून रुजू झाले आणि १९९६ साली ‘इन्टॅक’ या संस्थेने त्याच सुरतेला चंदिगडखालोखाल देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरवलं. पैसा, मनुष्यबळ, कायदा यांपैकी काहीही रातोरात बदललं नव्हतं. बदलली होती कामाची रीत.

ही रीत आज पुन्हा समजून घेण्याचं कारण म्हणजे ‘अ‍ॅजाइल’. सॉफ्टवेअरवाल्यांची ही कार्यपद्धती आता बँका, रुग्णालयं, कारखाने, अगदी मनुष्यबळ विभागसुद्धा अंगीकारू पाहतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तिचा जाहीरनामा लिहिला. तोवरची रूढ पद्धत अशी की, आधी सगळ्या गरजांची जाडजूड फाइल करायची, मग वर्ष-दोन वर्षं खपून सॉफ्टवेअर बांधायचं आणि शेवटी ग्राहकाच्या हाती द्यायचं. तोपर्यंत ग्राहकाची गरजच बदललेली असायची. या मंडळींनी सांगितलं की काम छोट्या तुकड्यांत करा, दर काही आठवड्यांनी चालू स्थितीतला तुकडा वापरणाऱ्याला दाखवा आणि तो काय म्हणतो त्यावर पुढचं ठरवा. रोज पंधरा मिनिटांची बैठक, कामाची स्थिती सगळ्यांना दिसेल असा फळा, ठरावीक मुदतीनंतर ‘आपलं कुठे अडलं’ याची चर्चा, ही त्यामागची साधनं. कल्पना मात्र सॉफ्टवेअरच्या बाहेरूनच आली होती. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ च्या लेखात होंडा, कॅनन अशा जपानी कंपन्यांमध्ये वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकाच चमूत कशी काम करतात हे मांडलं होतं. अ‍ॅजाइलमध्ये रुळलेला ‘स्क्रम’ हा शब्दही त्यांनी रग्बीतून तिथेच आणला. तेव्हा कारखान्यातून संगणकाकडे गेलेली गोष्ट आता परत उद्योगाकडे येते आहे. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातले सुमारे साडेतीन हजार कर्मचारी जास्तीत जास्त नऊ जणांच्या चमूंमध्ये विभागले, तेव्हापासून तर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर तेच उदाहरण असतं.

मला त्याहून सुरतेचं उदाहरण जवळचं वाटतं.

रावांनी शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या प्रमुखाला आयुक्ताच्या तोडीचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले. सगळ्या बदलाचं मर्म इथे आहे. नाला तुंबला की खात्यांचा खेळ कसा चालतो, हे महापालिकेत खेटे घातलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आरोग्य खातं म्हणतं, काम ड्रेनेजचं. ड्रेनेजवाले म्हणतात, वरचा रस्ता बांधकाम खात्याचा, त्यांची परवानगी आणा. फाइल मुख्यालयाच्या पायऱ्या चढत राहते आणि नाला तसाच वाहतो. झोन झाल्यावर सफाई, ड्रेनेज, रस्ते, पाणी या सगळ्यांची माणसं एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आली. नाल्याकाठी उभं राहून तो निर्णय घेऊ शकत होता आणि त्याचा खर्चही मंजूर करू शकत होता.

रावांची घोषणा होती ‘एसी टू डीसी’, म्हणजे वातानुकूलित केबिन सोडून रोजच्या कामात उतरा. वरिष्ठ अधिकारी रोज सकाळी आपापल्या भागात रस्त्यावर असत. दुपारी सगळे आयुक्तांसमोर बसत, सकाळी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत, अडचण दुसऱ्या खात्याची असेल तर ते खातं समोरच असे. रात्रीची झाडलोट सुरू झाली, सफाई कामगारांना ठरावीक पट्टे मिळाले. प्लेगनंतर सरकारी आणि खासगी रुग्णालयांतून रुग्णांची माहिती नियमित गोळा होऊ लागली. एखाद्या वस्तीत तापाचे रुग्ण वाढले की पथक कुठे पाठवायचं ते कळे. लहान आवाका, रोजची खबर, लगेच दुरुस्ती: स्नोबर्डचा जाहीरनामा लिहिला जाण्याच्या सहा वर्षं आधी एक सरकारी यंत्रणा हे सगळं करत होती.

त्यात उणीवही होती, ती सांगायला हवी. अतिक्रमणं धडाक्यात पाडली गेली. बड्यांचीही पाडली, त्याचं कौतुकही झालं. पण ज्याची हातगाडी उचलली गेली, तो दुपारच्या त्या बैठकीत नव्हता. अ‍ॅजाइलचा मूळ आग्रह वापरणाऱ्याला सोबत घेण्याचा आहे, आणि तिथे हा कारभार वरून खालीच चालला. तरीही रावांची १९९७ मध्ये बदली झाल्यावर यंत्रणा कोलमडली नाही. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, त्यातूनही ते उभं राहिलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक सुरतेचाच होता.

आज अनेक कंपन्यांत अ‍ॅजाइल येतं ते फळ्यावरच्या रंगीत चिठ्ठ्या आणि उभ्याने घ्यायच्या बैठका घेऊन. चमूला विचारावं, की पन्नास हजारांची खरेदी तुम्ही स्वतः ठरवू शकता का? उत्तर बहुधा नाही असंच येतं. सही मुख्यालयात, तीही पंधरा दिवसांनी. अशा चमूला दर दोन आठवड्यांनी काम पुरं करायला सांगणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. अधिकार न देता नुसता वेग मागितला की माणसं थकतात आणि पद्धतीला दोष देतात.

शिवाय प्रत्येक काम या चालीने करायचं नसतं. सुरतेच्या दोन मोठ्या धंद्यांकडे पाहिलं की फरक हाताला लागतो. रिंग रोडच्या कापड मार्केटमधला व्यापारी नव्या डिझाइनचे थोडेच ताके छापून घेऊ शकतो. साडीचा फोटो गावोगावच्या दुकानदारांना पाठवला की कुठला रंग चालतो ते लवकर कळतं. मग मोठा लॉट मिलमध्ये टाकायचा. पडलेली डिझाइन तिथेच सोडून देता येते, नुकसान थोडक्यात आटोपतं. हिऱ्याचं तसं नाही. कच्च्या दगडातला डाग कुठे आहे, त्यातून किती वजनाचा आणि कोणत्या आकाराचा हिरा निघेल, हे स्कॅन करून, पुन्हा पुन्हा तपासून ठरवतात, कारण एकदा लेझर फिरला की दगड पुन्हा जुळत नाही. तिथे घाई करून चालत नाही, सगळा विचार आधीच करावा लागतो. पण त्याच हिरे कंपनीत दागिन्यांची नवी डिझाइनं काढणारा आणि ऑनलाइन विक्री सांभाळणारा विभाग असेल, तर त्याला साडीवाल्याची चाल बिनधास्त उचलता येईल.